अमारोने: माळ्यावर घडणारी वाइन

शंभर किलो द्राक्षं घेतली आणि त्यांची साधी रेड वाइन केली, तर साधारण ७० लिटर वाइन मिळते. ७५० मिलिलिटरच्या नव्वदेक बाटल्या. त्याच द्राक्षांची अमारोने करायची ठरवली, तर नियमानुसार जास्तीत जास्त ४० लिटर, म्हणजे त्रेपन्न बाटल्या. त्याही लगेच नाहीत. तोडलेली द्राक्षं आधी तीन-साडेतीन महिने माळ्यावर पडून राहतात, मग त्यांचा रस काढतात, आणि पुढे निदान दोन वर्षं मुरल्याशिवाय ती वाइन विकता येत नाही. दोन आकड्यांमधला फरक बहुतेक पाण्याचा आहे, हवेत उडून गेलेल्या पाण्याचा. अमारोनेची ताकद, चव, किंमत आणि तिच्यात होणारे घोटाळे, सगळं या उडालेल्या पाण्यापाशी येऊन थांबतं.

ही वाइन होते इटलीच्या ईशान्येला, वेनेतो प्रांतात, वेरोना शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत. या भागाचं नाव वाल्पोलिचेल्ला. पश्चिमेला गार्डा सरोवर, उत्तरेला लेसिनी डोंगर, दक्षिणेला आदिजे नदीचं सपाट खोरं. डोंगरातून खाली उतरणाऱ्या दऱ्या हाताची बोटं पसरावीत तशा शेजारी-शेजारी आहेत. सरोवरामुळे हिवाळा फार कडक होत नाही आणि डोंगरावरून रात्री गार वारा उतरतो. हा वारा पुढे माळ्यावर कामाला येतो, म्हणून लक्षात ठेवायचा. उतारांवर दगड रचून केलेल्या पायऱ्यांची शेतं आहेत. चुना-सिमेंट न वापरता बांधलेल्या त्यांच्या बांधांना तिथे मारोन्ये म्हणतात.

नेग्रार, मारानो, फुमाने, सांत अम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो या पाच गावांचा परिसर म्हणजे मूळ, जुना पट्टा. लेबलवर 'क्लासिको' असेल तर द्राक्षं या पट्ट्यातली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तो दर्जाचा शिक्का नाही. पूर्वेकडच्या वाल्पान्तेना, मेझ्झाने, इल्लासी या दऱ्यांतही अमारोने होते, आणि जगात सर्वात महाग विकल्या जाणाऱ्या अमारोनेंपैकी एक, वाइनमेकर रोमानो दाल फोर्नो यांची, इल्लासीच्या दरीतली, म्हणजे क्लासिकोच्या बाहेरची आहे.

द्राक्षं कोणती, आणि मांडव का

अमारोने एका जातीची वाइन नाही, मिश्रण आहे. मुख्य जात कोर्विना, ४५ ते ९५ टक्के. तिची साल जाड असते, त्यामुळे माळ्यावर महिनोन् महिने ठेवली तरी ती फाटत नाही. चेरीचा वास आणि आंबटपणा तिच्याकडून येतो. दुसरी कोर्विनोने. नावावरून ही कोर्विनाचीच मोठ्या मण्याची बहीण वाटते आणि बरीच वर्षं तसंच समजत होते. ती वेगळी जात आहे हे १९९०च्या दशकात अधिकृतपणे मान्य झालं. आता कोर्विनाच्या वाट्यातला काही भाग कोर्विनोनेने भरून काढायला परवानगी आहे. तिसरी रोंदिनेल्ला, ५ ते ३० टक्के. चवीला थोडी साधी, पण रोगाला दाद न देणारी आणि बिनतक्रार सुकणारी. मोलिनारा पूर्वी सक्तीची होती, आता नाही. रंग फिका असल्यामुळे बहुतेकांनी ती सोडून दिली.

नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला वाल्पोलिचेल्लाची बाग पहिल्याच नजरेत ओळखीची वाटेल, कारण तिथे जुनी पद्धत मांडवाचीच आहे. तिला पेर्गोला वेरोनेसे म्हणतात. यामागे परंपरेपेक्षा वेलीची गरज मोठी आहे. कोर्विनाच्या काडीवरचे बुडाकडचे पहिले काही डोळे बहुधा फळ देत नाहीत. आखूड छाटणी केली तर नुसता पाला येतो. काडी लांब राखावी लागते, आणि लांब काडी पसरायला मांडव सोयीचा. शिवाय घड पानांच्या सावलीत लोंबतात, एकमेकांना चिकटत नाहीत, ऊन थेट लागत नाही. नव्या बागांमध्ये तारेवरची सरळ उभी पद्धतही खूप आली, पण उन्हाळे तापू लागल्यापासून मांडवाकडे पुन्हा आदरानं पाहिलं जातंय.

माळा

तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, आणि माळ्यावर जाणारा माल हातानेच तोडतात. इथेच पहिली मोठी निवड होते. बागेतला सगळा माल माळ्यावर नेता येत नाही. नियम हेक्टरी १२ टन उत्पादनाला परवानगी देतो आणि त्यातला जास्तीत जास्त ६५ टक्के भाग सुकवायला ठेवता येतो. बाजारात अमारोने फार होऊ नये म्हणून अलीकडे काही वर्षी हा आकडा आणखी खाली आणला गेला. उरलेल्या द्राक्षांची साधी ताजी वाल्पोलिचेल्ला होते. त्यामुळे तोडणारा घड उचलून आधी उलटा करून पाहतो. मणी सुटे हवेत, घडाच्या पोटात हवा खेळायला हवी. गच्च भरलेला घड दिसायला कितीही देखणा असला तरी माळ्याच्या कामाचा नाही, कारण त्याच्या आत एक मणी फुटला की तो कुणाला दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा शेजारचे दहा गेलेले असतात. दव किंवा पावसाचं पाणी अंगावर असलेला मालही नेत नाहीत.

जिथे द्राक्षं सुकतात त्या जागेला फ्रुत्तायो म्हणतात. जुन्या घरात हा वरचा माळा असे, समोरासमोर खिडक्या असलेला. द्राक्षं बोरूच्या काड्यांच्या चटयांवर पसरायची. या चटया, आरेले, मूळच्या रेशीमकिड्यांच्या. वसंतात त्यांच्यावर तुतीचा पाला आणि किडे, शरदात द्राक्षं. शेतकऱ्यानं एकच सामान दोन पिकांना वापरलं. आज बहुतेक ठिकाणी लाकडी किंवा प्लास्टिकचे जाळीदार, उथळ क्रेट असतात. एका क्रेटमध्ये पाच-सहा किलो, एकच थर, घडावर घड नाही. क्रेट एकावर एक रचतात, पण मधून वारा जाईल अशी जागा ठेवून.

आता पाणी सुटायला लागतं. पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे, कारण मणी अजून रसानं भरलेला असतो आणि ऑक्टोबरच्या धुक्यात हवा दमट असते. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली, तर करडी बुरशी, बोट्रायटिस, हजेरी लावतेच. कोरडा वारा असेल तेव्हा खिडक्या उघडायच्या, धुकं उतरलं की बंद करायच्या. जुना माळा याच एका सवयीवर चालायचा. आता पंखे आणि आर्द्रता शोषणारी यंत्रं असतात. तरी क्रेट अधूनमधून हातानं तपासावेच लागतात. डिसेंबरात चांगला सुकलेला मणी बोटांत धरला तर साल सुरकुतलेली पण अखंड असते, आतला गर दाट आणि चिकट लागतो, आणि देठ करकरीत तपकिरी झालेला असतो. बिघडलेला मणी लगेच कळतो. साल बोटाखाली सरकते आणि मातकट वास येतो.

बोट्रायटिसबद्दल मतं दोन आहेत. थोडी बुरशी लागली तर वाइनला मधासारखा वास आणि जिभेवर गुळगुळीतपणा येतो, असं जुन्या पिढीचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नाही. पण ही बुरशी लॅकेज नावाचं एन्झाइम सोडते. ते लाल रंग जाळतं आणि वाइन वेळेआधी विटकरी दिसायला लागते. म्हणून आता बहुतेक जण तिला दारातच अडवतात.

साधारण १०० ते १२० दिवसांत वजन ३० ते ४० टक्क्यांनी घटतं. हिशेब सोपा आहे. १०० किलो ताज्या द्राक्षांत २० किलो साखर असेल आणि ३५ किलो पाणी उडालं, तर उरलेल्या ६५ किलोंत तीच साखर, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येतो, कारण तोडलेला मणी लगेच मरत नाही. तो श्वास घेत राहतो आणि त्यात थोडी साखर आणि बरंचसं मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदात असतं ते, खर्चून टाकतो.

हा जिवंतपणाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. तासगावच्या बेदाणा शेडशी तुलना केली की तो नीट कळतो. तिथे द्राक्षं डिपिंगच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी झपाट्यानं निघून जातं. दोन-तीन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. तिथे घाई योग्यच, कारण हेतू टिकाऊ फळ मिळवण्याचा आहे. वाल्पोलिचेल्लात मेण तसंच ठेवतात, उष्णता देत नाहीत, आणि पाणी जितकं सावकाश जाईल तितकं बरं मानतात. पाण्याचा ताण बसलेला मणी स्वतःच्या बचावासाठी नवी द्रव्यं बनवतो. कोर्विनामध्ये रेस्वेराट्रॉल या काळात वाढतं, वासाची रसायनं बदलतात. ताज्या चेरीची सुकवलेली चेरी, मनुका, कोको, चामडं होतं ते इथे. गरम हवा मारून तीन आठवड्यांत तेवढीच साखर गाठता येईल, पण हाती येईल तो नुसता आटवलेला रस. म्हणून नियमानं १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चिरडायला सहसा परवानगी नाही.

थंडीतलं किण्वन

डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत द्राक्षं खाली येतात आणि चिरडली जातात. यीस्टच्या, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म जीवाच्या, दृष्टीनं याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. तळघर गार, आणि रसात लिटरमागे २७०-२८० ग्रॅम साखर. एवढी साखर यीस्टच्या पेशीतलं पाणीच खेचून घेते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचं एक टक्का अल्कोहोल होतं, त्यामुळे शेवट गाठायचा तर १६ टक्क्यांपर्यंत जावं लागतं, आणि तिथे यीस्टला स्वतःचंच अल्कोहोल विष होतं. साधी रेड वाइन आठ-दहा दिवसांत आंबून होते. अमारोनेला महिना, दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो.

बिघडतं ते बहुतेक इथेच. किण्वन मध्येच अडकलं तर साखर उरते. अडकलेल्या टाकीत बॅक्टेरियांचं फावतं आणि ॲसेटिक आम्ल वाढतं, म्हणजे वाइनला व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास येतो. साखरेच्या ताणाखाली यीस्ट स्वतःही थोडं ॲसेटिक आम्ल सोडतं, म्हणून अमारोनेत या वासाची बारीक किनार नेहमी असते. बारीक असेल तर ती वास उचलून धरते. ग्लास नाकाजवळ नेताच डोळ्यांत चुरचुरलं तर तो दोषच, बाटली कितीही महाग असो. वाइनमेकर अडकलेलं किण्वन सोडवण्यासाठी टाकी हलकी गरम करतो, जोमदार यीस्टची वेगळी तयार केलेली बादली थोडी-थोडी मिसळतो. सगळी एकदम ओतली तर तेही यीस्ट धक्क्यानं मरतं.

गंमत अशी की अमारोने हे नाव या अडकण्या-न अडकण्यातूनच आलं. या भागाची जुनी, मानाची वाइन गोड होती: रेचोतो. सुकवलेल्या द्राक्षांचीच, पण साखर शिल्लक असताना किण्वन थांबलेली. तिथल्या बोलीत रेचा म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूचे दोन फाटे, ज्यांना ऊन जास्त मिळतं, त्यांच्यावरून हे नाव. सुकवलेल्या द्राक्षांच्या वेरोनाकडच्या वाइनचं वर्णन रोमन मुत्सद्दी कास्सिओदोरुसच्या सहाव्या शतकातल्या पत्रात सापडतं, म्हणजे पद्धत निदान तितकी जुनी. रेचोतोचं एखादं पिंप विसरलं, यीस्टनं सगळी साखर खाल्ली, तर ती वाइन वाया गेली असं समजत. १९३६ मध्ये नेग्रारच्या सहकारी तळघरात असंच एक विसरलेलं पिंप सापडलं आणि चाखणाऱ्यानं ही अमारो, म्हणजे कडू, नाही, ही तर अमारोने, म्हणजे थोर कडू, आहे असं म्हटलं, अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरी वाइन कडू नसतेच. कडू हा शब्द इथे फक्त 'गोड नव्हे' या अर्थानं. १९५०च्या दशकात ती बाजारात आली, १९६८ मध्ये वाल्पोलिचेल्लाला कायदेशीर संरक्षण मिळालं, आणि २०१० मध्ये अमारोने आणि रेचोतो दोघींना इटलीचा सर्वात वरचा, डीओसीजी दर्जा मिळाला.

मुरण्याबद्दल थोडक्यात. किमान अल्कोहोल १४ टक्के, किमान दोन वर्षं, 'रिझेर्वा' लिहायचं तर चार. जुनी पद्धत मोठ्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या स्लाव्होनियन (क्रोएशियातल्या) ओकच्या पिंपांची. त्यात लाकडाचा वास कमी आणि हवा हळूहळू लागते. वाइनमेकर जुझेप्पे क्विन्तारेल्ली यांची कीर्ती याच सावकाश पद्धतीवर उभी राहिली. छोटी नवी फ्रेंच पिंपं नंतर आली. ती वाइनला रंग, व्हॅनिला आणि धार देतात, पण साडेतीन महिन्यांत माळ्यावर जे घडलं ते झाकूनही टाकू शकतात. सुकवण उत्तम असेल तर नव्या लाकडाची गरज थोडीच लागते.

चोथ्याची दुसरी फेरी

अमारोने काढून घेतल्यावर टाकीच्या तळाशी साली आणि बिया राहतात. हा चोथा अजून ओला असतो, त्यात रंग, थोडी साखर आणि जिवंत यीस्ट असतं. त्यावर शरद ऋतूत केलेली साधी वाल्पोलिचेल्ला ओततात. काही दिवसांत किण्वन पुन्हा जागं होतं, अल्कोहोल टक्का-दीड टक्का वाढतं, रंग गडद होतो. ही रिपास्सो. नारळाच्या चोथ्यातून दुसरं दूध काढतात तसंच काहीसं, फक्त इथे पाण्याऐवजी आधीच तयार झालेली वाइन ओततात. चोथा फार कोरडा दाबून काढलेला असेल तर रिपास्सो तुरट आणि पोकळ होते. फार दिवस ठेवला तर बियांचा कडूपणा उतरतो. मात्र किती रिपास्सो करायची यालाही मर्यादा आहे: अमारोनेच्या साधारण दुप्पट, त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा या भागाची ओळख करून घ्यायची असेल तर अमारोनेऐवजी रिपास्सोनं सुरुवात करणं खिशाला आणि जिभेला दोन्हींना परवडतं.

विकत घेताना लेबल नीट वाचा. 'आप्पास्सिमेंतो' म्हणजे फक्त सुकवण्याची क्रिया. हा शब्द दक्षिण इटलीतल्या पुलियाच्या गोडसर, स्वस्त वाइनवरही छापलेला असतो. अमारोने हवी असेल तर 'अमारोने देल्ला वाल्पोलिचेल्ला' हे पूर्ण नाव आणि गळ्यावर क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी, दोन्ही पाहायचं.

प्यायची कशी

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांतला आहे. पुण्या-मुंबईत एप्रिलात खोली ३० अंशांवर असते, आणि १५-१६ टक्क्यांची वाइन त्या तापमानाला नाकात अल्कोहोलच मारते. १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे बाटली फ्रिजमध्ये तास-दीड तास. उघडून मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून तासभर ठेवली तर वास मोकळा होतो. ग्लास मोठा, पण ओतायची थोडीच: १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात साधारण १८ ग्रॅम अल्कोहोल असतं, बिअरच्या छोट्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीपेक्षा जास्त. बाटली महिनोन् महिने स्वयंपाकघरातल्या कपाटावर उभी ठेवली तर मात्र सगळं वाया. उष्णतेनं वाइन फुगते, बूच सरकतं आणि वास शिजल्यासारखा होतो.

तांबड्या रश्शासोबत ही नको. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि दोन्हींची चव जाते. जुनं कडक चीज, सावकाश शिजवलेलं कमी तिखट मटण, भाजलेले मशरूम, यांच्याबरोबर ती खुलते.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. त्यातलं उरलं तर वेरोनात रिसोत्तो करतात. चौघांना ३२० ग्रॅम व्हिआलोने नानो तांदूळ लागतो. तो वेरोनाच्या दक्षिणेकडच्या भातशेतीतला. लोण्यावर कांदा परतायचा, तांदूळ कोरडा गरम होईपर्यंत हलवायचा, आणि मगच कोमट केलेली अमारोने, साधारण ३०० मिलिलिटर, दोन हप्त्यांत घालायची. ती पूर्ण आटल्याशिवाय रस्सा किंवा स्टॉक ओतायचा नाही, नाहीतर कच्चं अल्कोहोल आणि आंबटपणा शेवटपर्यंत राहतो. मग गरम स्टॉक पळी-पळीनं, साधारण १५ मिनिटं. भात जांभळा होतो. गॅस बंद करून लोणी आणि किसलेलं मोन्ते वेरोनेसे चीज घालायचं, दोन मिनिटं झाकण ठेवायचं, आणि ताटात घेतल्यावर तो पसरला पाहिजे, ढीग होऊन उभा राहता कामा नये.